शाळेच्या दिवशीच दुखणारे पोट

लालबागच्या एका चाळीतून आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते, रविवारी मात्र मुळीच नाही. ताप नाही, उलट्या नाहीत, वजन घटलेले नाही, दुखण्याने रात्री झोपमोड होत नाही. (यांतले एक जरी असते तरी तपासण्या केल्या असत्या.) आईला बाहेर बसवले तेव्हा मुलगा म्हणाला, "सगळे मला भैया म्हणतात." वडील उत्तर प्रदेशातून आलेले, हा मात्र इथलाच, मराठी अस्सल लालबागचे!

ही पोटदुखी ढोंग नव्हे. भीतीने आतड्यांची हालचाल खरोखरच बिघडते.

चिडवणाऱ्यांपैकी एकजण माझाच पेशंट. खोकल्यासाठी आला तेव्हा विचारले. म्हणाला, "तो चांगलाय. आम्ही गच्चीवर पतंग उडवतो."

"मग चिडवतोस कशाला?"

"सगळे असतात ना तेव्हा!"

पालकहो, या मुलाला माया नाही असे नव्हे. टोळीत शिरला की ती मागे पडते. 1954 साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे मुझफ्फर शेरीफ यांनी एकाच धर्माच्या, सारख्याच घरांतल्या 22 मुलांचे दोन गट केले. थोड्याच दिवसांत मजल झेंडे जाळण्यापर्यंत गेली! एकत्र जेवायला बसवले तर अन्नाची फेकाफेक. बंद पडलेला पाणीपुरवठा सर्वांनी मिळून सुरू करायचा, अशी कामे दिली तेव्हा कुठे वैर निवळू लागले.

अर्थात तिथे वैर नव्याने पेरले होते. आपल्याकडे बियाणे घरातच असते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत मुंबईत सुमारे 900 माणसे गेली. तेव्हा आमच्या गल्लीतली पाच-सहा वर्षांची पोरे 'दंगल-दंगल' खेळत. बाजू कोणत्या, हे त्यांना कुणी सांगितले? जेवताना आपण जे बोलतो ते मुले ऐकत असतात.

चिडवणाऱ्याला चारचौघांत झापू नका. तो टोळीला आणखी चिकटतो. एकट्याला गाठा, त्या मित्राविषयी बोलते करा. मी गणपतीच्या मंडळातील ओळखीच्या कार्यकर्त्याला सांगून मखराचे काम या दोघांना आणि टोळीतल्या आणखी तिघांना मिळून दिले. पुठ्ठा कापायला कात्री एकच.

पोट अजून अधूनमधून दुखते. औषध दिलेले नाही. चिडवणाऱ्याच्या आईशी बोलणे मात्र राहिले आहे, "पोरांचे काय एवढे मनावर घ्यायचे!" असे त्या मागेच म्हणाल्या होत्या.