शवासन म्हणजे आळस नव्हे

सर्वांत सोपे आसन कोणते, असे विचारले की बहुतेक जण शवासनाचे नाव घेतात. प्रत्यक्षात ते अवघड आहे. हातपाय ढिले सोडता येतात, मन सहजासहजी सोडता येत नाही. त्यामुळे योगवर्गातील शेवटचे शवासन टाळून घरी पळणारे पुष्कळ. आमच्या मते यात त्यांचेच नुकसान आहे.

थकवा घालवणारे व चित्ताला विश्रांती देणारे आसन, असे ‘हठयोगप्रदीपिका’ सांगते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शवासनाने अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधेही कमी करता आली.

मात्र येथेच घात होतो. ‘शवासन करतो, आता गोळी कशाला?’ असे म्हणून परस्पर गोळी सोडणे म्हणजे पक्षाघाताला आमंत्रण. त्या रुग्णांची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली कमी झाली होती, हे विसरू नये.

सतरंजीवर उताणे पडावे. पायांत दीड फूट अंतर, तळहात वर, डोळे मिटलेले. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. मग संथ श्वासाकडे लक्ष द्यावे. दहा-पंधरा मिनिटांनी कुशीवर वळून सावकाश उठावे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत डाव्या कुशीवर पडावे.

घरातील गृहिणीलाही एवढा वेळ मिळू द्या. शवासन रोज करा, गोळी वेळेवर घ्या आणि रक्तदाब नियमित तपासून घ्या.