बेत आखणारी माणसं

२०२३च्या जानेवारीत ‘वाळवी’ थिएटरात जाऊन पाहिला. अनिकेत आणि त्याची प्रेयसी देविका मिळून अनिकेतच्या बायकोचा काटा काढायचं ठरवतात. खून आत्महत्या वाटावा म्हणून सगळं बारकाईने आखतात. शेजारच्या खुर्चीतल्या काकू खळखळून हसत होत्या. थोड्या वेळाने त्यांचा हात तोंडावर गेला आणि लगेच पुन्हा हसू फुटलं. माझीही तीच गत.

विनोदी चित्रपट करणारे परेश मोकाशी थ्रिलरकडे वळले, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. लेखक-दिग्दर्शक म्हणून ते पहिल्या चित्रपटापासून एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत आले आहेत. कुणीतरी एक बेत आखतं, जीव तोडून त्याच्यामागे लागतं आणि रोजच्या व्यवहारातली एखादी बारीकशी गोष्ट आडवी येते.

२००९चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आठवा. दादासाहेब फाळक्यांना भारतातला पहिला चित्रपट काढायचाय. पैसा, कॅमेरा, लंडनचा प्रवास, सगळं जमतं. अडतं कुठे? मिशीपाशी! तारामती व्हायला बाई मिळत नाही आणि पुरुष मिशी काढायला तयार नाहीत. चित्रपटात काम करणं तेव्हा कमीपणाचं, म्हणून नटांनी बाहेर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं सांगायचं. नंदू माधव यांचे फाळके या अडचणीकडे अगदी गंभीरपणे पाहतात, म्हणूनच आपल्याला हसू येतं. मोकाशी माणसाच्या धडपडीची टिंगल कधीच करत नाहीत. ‘श्वास’नंतर ऑस्करसाठी भारताकडून गेलेला हा दुसरा मराठी चित्रपट.

‘एलिझाबेथ एकादशी’त बेत मुलांचा आहे. कर्जापायी आईचं स्वेटर विणायचं यंत्र जप्त झालंय, ते सोडवायला वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ आलीय. ती वाचवायला पोरं पंढरपूरच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. कथा मधुगंधा कुलकर्णी यांची. मुलांच्या हिशेबात पैसे कमी पडतात तेव्हा जी धाकधूक होते, ती एखाद्या रहस्यपटाइतकीच खरी असते.

‘वाळवी’त फरक फक्त बेताच्या जातीचा. फाळक्यांचा चित्रपट व्हावा, सायकल वाचावी, असं आपल्याला वाटत असतं, त्यात गैर काहीच नाही. इथे मात्र बेत खुनाचा आहे, तरी काही बिनसलं की आपणच धास्तावतो, ‘आता हे पकडले जाणार’ म्हणून. आपण कुणाची बाजू घेतोय, हे ध्यानात येतं तेव्हा अंगावर काटा येतो. भीती दाखवायला मोकाशींना अंधारी हवेली लागत नाही. चारचौघांसारखं घर पुरतं आणि चारचौघांसारखी माणसं. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

पुढे ‘नाच गं घुमा’त घरकामाच्या बाई आल्या, ‘मु. पो. बोंबिलवाडी’त थेट हिटलर कोकणात उतरला. एकाच साच्याचे चित्रपट काढत राहणं सोपं असतं. मोकाशी दर वेळी नवा डाव मांडतात आणि प्रेक्षकाच्या बुद्धीवर विश्वास ठेवतात. अशा दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट येईल तेव्हा घरी दिसेपर्यंत थांबू नका, पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा. आणि ‘वाळवी’ अजून पाहिला नसेल, तर त्याचा शेवट कुणालाही विचारू नका.