कुकर, भात आणि आपला पथ्योपदेश

‘कुकरमधील अन्न वर्ज्य करावे’ ही सूचना हल्ली अनेक वैद्यांच्या पथ्यपत्रकात सरसकट छापलेली आढळते. ती कोणत्या व्याधीसाठी आहे व कोणत्या पदार्थाबद्दल आहे, याचा खुलासा सहसा नसतो. रुग्ण मान डोलावतो आणि घरी गेल्यावर नेहमीप्रमाणे डाळ-तांदळाचा कुकर लावतो. एवढ्यावर भागले असते तर तक्रार नव्हती. परंतु पत्रकातील एक सूचना अव्यवहार्य वाटली की तिच्याबरोबर दिवास्वाप, विरुद्धाशन, अध्यशन यांविषयीच्या अत्यावश्यक सूचनाही बासनात जातात. म्हणून या सरसकट निषेधाचा विचार वैद्यवर्गाने शास्त्राच्या कसोटीवर करावयास हवा.

दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाफेच्या दाबावर अन्न शिजविणारे पात्र सिद्ध केले ते १६७९ मध्ये. त्यामुळे संहितांमध्ये कुकरचे विधान अथवा निषेध शोधणेच अप्रस्तुत आहे. निर्णय करावयाचा तो तत्त्वावरून. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली. त्यांतील ‘करण’ म्हणजे संस्कार. जल, अग्नी, काल, भाजन यांच्या योगाने द्रव्याचे गुण पालटतात, हा त्याचा आशय. भाजन हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे. तेवढ्यावरून अन्नाची हिताहितता ठरत नाही. ‘बंद पात्रात शिजवणे अशास्त्रीय’ असेही म्हणता येत नाही. पानांत गुंडाळून, मातीचा लेप देऊन केलेला पुटपाक आपलाच आहे.

आता पदार्थागणिक पाहू. समुद्रसपाटीवर उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. महाबळेश्वरासारख्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते व डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये दाब वाढून तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. शिंबीधान्ये स्वभावतः रूक्ष व वातकर. अर्धवट शिजली तर आध्मानास कारण होतात. राजमा कच्चा राहिल्यास उलट्या-जुलाब होतात, कारण त्यातील लेक्टिन हे घातक द्रव्य पुरेशा उष्णतेनेच नष्ट होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही डाळी व कडधान्यांसाठी उकळणे व कुकरमध्ये शिजवणे हेच प्रकार उत्तम मानले आहेत. तात्पर्य, वरणासाठी कुकर वर्ज्य सांगण्यास आधार नाही.

भाताची गोष्ट मात्र निराळी. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात स्वच्छ धुतलेला, पेज काढलेला, नीट शिजलेला व गरम भात लघु, आणि याच्या विपरीत तो गुरु सांगितला आहे. शार्ङ्गधरांनी तर तांदळाच्या चौदापट पाण्यात भात शिजवून मंड स्रवविण्यास सांगितले. कुकरच्या डब्यात आपण दुप्पट-अडीचपट पाणी घालतो आणि ते सर्व भातातच मुरते. येथे गुरुत्व येते ते शिट्टीमुळे नव्हे, तर पेज न काढल्यामुळे. पातेल्यात बेताचे पाणी घालून आटविलेला भातही तितकाच गुरु! दीप्ताग्नी, श्रम करणाऱ्या माणसाला तो बाधत नाही. मंदाग्नी, आमवात, स्थौल्य, प्रमेह यांत मात्र कोकणात करतात तसा वेळलेला भात सांगावा, आणि प्रमेहात तोही मोजकाच, कारण पेज काढली तरी भात तो भातच. पेजेबरोबर काही जीवनसत्त्वेही निघून जातात. तेव्हा घरातील ज्यांना ती पथ्यकर आहे त्यांनी ती प्यावी. ज्यांना वेळणे शक्यच नाही त्यांनी तांदूळ कोरडे भाजून घ्यावेत. भृष्ट तांदळाचे लघुत्व चरकसंमत आहे.

जेथे कुकरचा निषेध निःसंदिग्धपणे करावयास हवा तेथे आपण गप्प असतो. घाईच्या घरांत काढाही कुकरमध्ये होऊ लागला आहे. क्वाथासाठी सोळापट पाणी घेऊन अष्टमांश उरवावयाचे असते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, पाणी आटतच नाही. मग सांगितलेली मात्रा घेऊनही रुग्णाच्या पोटात औषध किती गेले, हे वैद्याला कळावे कसे? काढा उघड्या भांड्यात, मंद आचेवरच व्हावा. तसेच चिंच, आमसूल, टोमॅटो घातलेले पदार्थ ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये थेट शिजवू नयेत, कारण आम्लामुळे धातू अन्नात उतरतो. स्टीलच्या डब्यांत शिजविलेल्या वरण-भाताला हा आक्षेप लागू होत नाही.

आणखी एक मुद्दा. उष्ण भोजन करावे, हा आहारविधीतील पहिला नियम. नोकरी करून सायंकाळी सात वाजता घरी परतणाऱ्या गृहिणीला कुकरमुळेच अर्ध्या तासात गरम वरण-भात वाढता येतो. कुकर काढून घेतला तर तिच्या घरी मातीचे मडके चुलीवर चढेल, अशा भ्रमात आपण राहू नये. सकाळचे शीतकपाटातील अन्न पुन्हा तापवले जाईल, नाहीतर बाहेरून मागवले जाईल. पर्युषित अन्नापेक्षा कुकरमधील ताजे अन्न हितकर, हे सांगण्यास वैद्याने कचरू नये.

मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत कुकरमुळे पोषक द्रव्ये नष्ट होण्याची टक्केवारी बिनदिक्कत दिलेली असते. तिच्यामागील प्रयोगाचा पत्ता नसतो. आपली पथ्यपत्रके अशा संदेशांच्या पंक्तीला बसू नयेत. त्या एका ओळीच्या जागी चार ओळी छापाव्यात : डाळी-कडधान्ये कुकरमध्ये पूर्ण शिजवावीत, अग्नी मंद असल्यास भात वेळून अथवा तांदूळ भाजून करावा, काढा उघड्या भांड्यात आटवावा, अन्न ताजे व गरम असतानाच सेवन करावे. या चार ओळी रुग्ण पाळू शकेल, आणि कारण विचारल्यास वैद्यालाही ते शास्त्राधाराने सांगता येईल.