आडनावाचा माग



वर्गात नवीन मुलगा आला, की तुम्ही आधी त्याचं आडनाव विचारता. ते जरा वेगळं असलं, की मागच्या बाकावर खसखस पिकते! पण त्या आडनावामागे कुणीतरी एक माणूस असतो बरं का. त्याचं गाव, त्याचं काम किंवा त्याचा स्वभाव त्यात दडलेला असतो.

नाना फडणवीसांचंच पाहा. त्यांचा जन्म १७४२ सालचा. त्यांचं मूळ आडनाव भानू. घराण्याकडे फडणिशी, म्हणजे सरकारी जमाखर्चाचं काम होतं. कामाचं नाव तेच आडनाव झालं, आणि ‘भानू’ मागे पडलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. गावावरून झालं आंबडवेकर, आणि शाळेत त्याचं झालं आंबेडकर. आता त्यांचे आजोबा शोधायचे, तर ‘आंबेडकर’ शोधून कसं चालेल? त्यांचं नाव मालोजी सकपाळ! म्हणून पूर्वजांचा माग काढताना पहिला प्रश्न हा, की आपलं आडनाव कधी बदललं का?

आता उलटी गंमत ऐका. कोकणातले बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल काढत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावं गावांवरून पडलेली : पेणकर, रोहेकर, नागावकर. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढे त्यांतले पुष्कळजण तिकडे गेले. तिथे जन्मलेल्या एखाद्या पेणकरानं पेण पाहिलंही नसेल. पण पणजोबा कुठले, हे त्याला नुसत्या आडनावावरून सांगता येईल!

तुम्हीही असा शोध घेऊ शकता. जुना शाळेचा दाखला, शेताचा सातबारा, फेरफार, घरातली जुनी पत्रं, सगळं मोठ्यांना विचारून पाहा. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात. खूप जुना कागद मोडी लिपीत निघाला, तर मोडी वाचणारं कुणीतरी गाठा.

काहींच्या घरी यातलं काहीच नसेल. ज्यांना जमीन नव्हती, शाळा नव्हती, त्यांची नावं कागदावर कोण लिहिणार? म्हणून त्यांचे पूर्वज कमी मोलाचे ठरत नाहीत. तिथे आठवणी हेच दप्तर.

आणि हो, आजीला विसरू नका हं! लग्न झालं आणि तिचं माहेरचं आडनाव गेलं. काहींचं तर नावही बदललं. तिच्या आईचं, तिच्या आजीचं नाव कुठल्या कागदावर असेल? बहुतेक नसेलच. ते फक्त तिच्या तोंडी आहे. ती आहे तोवरच ते विचारता येईल.

तेव्हा या रविवारी वही-पेन्सिल घेऊन आजीजवळ बसा. तिचं माहेरचं पूर्ण नाव, गाव, आईचं नाव लिहून घ्या. खाली तारीख घाला. तुमच्या नातवंडांना ती वही फार उपयोगी पडेल!

तुमच्या बाई