‘अम्मी, तुम बैठो’

आपल्या घरांमध्ये फार प्रेमाने बोलले जाणारे एक वाक्य आहे: ‘अम्मी, तुम बैठो, मैं करती.’ सून म्हणते, लेक म्हणते, कधी नातही म्हणते. आयुष्यभर राबलेल्या बाईला विसावा मिळावा, हीच त्यामागची इच्छा. म्हणून अम्मी बसते. आधी स्वयंपाकघर सुटते, मग बाजार सुटतो, मग जिना सुटतो. काही वर्षांनी जमिनीवरची जानमाज सुटते आणि नमाजसाठी खुर्ची येते. पंचावन्नाव्या वर्षी आपण तिला बसवतो आणि पासष्टाव्या वर्षी डॉक्टरांना सांगतो, ‘अम्मीला आता उठवत नाही.’ या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या वयस्क माणसांना, त्यातही बायकांना, चार जणींच्या सोबतीने तालावर हालचाल करण्याची फार गरज आहे. जगात ठिकठिकाणी यासाठी ज्येष्ठांचे नृत्यवर्ग चालतात. आपल्याकडे ‘नाच’ हा शब्द निघाला की चर्चाच बंद होते. ती बंद होऊ नये म्हणून हा लेख.

आधी शरीराचे पाहू. स्नायू वयाबरोबर झिजतातच, पण बसून राहिल्याने ही झीज वाढते. मांडीचे स्नायू दुबळे झाले की गुडघ्यावर जास्त भार येतो. गुडघा दुखतो म्हणून बाई आणखी बसते आणि स्नायू आणखी दुबळे होतात. रक्तातली साखर वापरण्याचे मोठे काम स्नायूच करतात, त्यामुळे मधुमेहावरही परिणाम होतो. सर्वांत मोठा धोका पडण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. वुजूच्या ओल्या फरशीवर पाय सरकला, खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतर दादी अंथरुणाला खिळली, अशी गोष्ट प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल.

यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले म्हणजे, ‘आमची अम्मी पाच वेळा नमाज पढते, तोच व्यायाम.’ नमाजमध्ये वाकणे, बसणे, उठणे आहे आणि ते शरीराला उपकारकच आहे. पण नमाज इबादत आहे. ती व्यायामासाठी नसते आणि व्यायामाची सगळी कामे तिच्यावर टाकणे योग्यही नाही. उलट जमिनीवरचा सजदा सत्तरीपर्यंत टिकवायचा असेल, तर मांड्या आणि तोल यांची वेगळी मेहनत करावी लागेल.

दुसरे उत्तर, ‘चालायला जाऊ दे की.’ चालणे उत्तमच. पण आपल्या किती मोहल्ल्यांत साठीच्या बाईला निर्धास्त चालता येईल असा रस्ता आहे? गल्लीत दुचाक्या, उघडी गटारे, फूटपाथवर दुकाने. शिवाय चालताना आपण एकाच दिशेने सरळ जातो. माणूस वळताना, बाजूला सरकताना, मागे पाऊल टाकताना किंवा अंधारातही पडतो. या हालचालींचा सराव नुसत्या चालण्यात होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल सांगितली आहे. त्याशिवाय तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावा, असेही म्हटले आहे.

नृत्यात हे सारे एकत्र येते. दोन पावले उजवीकडे, एक मागे, गिरकी, टाळी. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो, तेव्हा तोल सांभाळायचा. पुढचे पाऊल कोणते हे आठवायचे, ताल ऐकायचा आणि शेजारणीकडे लक्षही ठेवायचे. पायांबरोबर डोकेही कामाला लागते.

जर्मनीतल्या माग्डेबुर्ग येथील संशोधकांनी सरासरी ६८ वर्षे वयाच्या माणसांचे दोन गट केले. एका गटाने १८ महिने नेहमीचा व्यायाम केला, दुसऱ्याने नृत्य शिकले आणि त्यात सतत नव्या रचना घातल्या जात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्मरणाशी निगडित असलेला मेंदूचा भाग दोन्ही गटांत वाढलेला दिसला. तोल मात्र एकूण मोजमापात नृत्याच्या गटाचाच सुधारला. त्याआधी २००३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांपुढील ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणे आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक प्रकारांपैकी असा संबंध फक्त नृत्याचा दिसला. आता यावरून ‘नाचा आणि विसरभोळेपणा टाळा’ अशी जाहिरात करणे चूक ठरेल. जर्मन अभ्यासात माणसे थोडी होती, आणि ब्रॉन्क्सच्या अभ्यासात ज्यांची तब्येत मुळात बरी तेच नाचत असतील ही शक्यताही उरते. पण दिशा स्पष्ट आहे, आणि करून पाहण्यात नुकसान फारसे नाही.

आजारी माणसांबाबतही तसेच. पार्किन्सन्समध्ये पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते आणि ताल मिळाला की पुष्कळदा ते सुटते. न्यूयॉर्कमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आपल्या पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवले. म्हणजे ही केवळ परदेशातल्या श्रीमंतांची हौस नव्हे.

मग आपल्याकडे अडते कुठे? शब्दापाशी. ‘नाचनेवाली’ ही आपल्या बोलीत शिवी आहे. ज्या बायकांनी ही कला पोटासाठी जपली त्यांना समाजाने बदनाम केले आणि ती बदनामी हालचालीलाच चिकटली. तरी मेहंदीच्या रात्री दार बंद झाले की ढोलक वाजतेच, आणि कॉलेजातल्या पोरी नाचतातच. साठीची खाला मात्र कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवते. तिचे पाय हलत असतात, पण ‘इस उमर में शोभा देता क्या’ हे वाक्य तिला उठू देत नाही. शेजारच्या हिंदू घरातल्या तिच्याच वयाच्या बायका मंगळागौरीसाठी महिनाभर फुगड्या-झिम्म्याचा सराव करतात, त्यांचे गट ठिकठिकाणी कार्यक्रमही करतात. आपल्या बायकांकडेही ताल होता. विजापूरच्या सुफींच्या परंपरेत दख्खनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे रचले गेले. जाते ओढताना, सूत काततांना बायका ते गात. जाती गेली, चरखे गेले. श्रम कमी झाले हे चांगलेच, पण त्याबरोबर सोबत आणि लयही गेली.

धर्माचा प्रश्न टाळून चालणार नाही. संगीत आणि नृत्याविषयी आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि मी फतवा देणारा माणूस नाही. पण काही गोष्टी सर्वांना माहीत आहेत. ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते आणि प्रेषितांनी (स.) हजरत आयेशांना तो पाहू दिला, हे सहीह बुखारीत नोंदलेले आहे. दोघांनी धावण्याची शर्यत लावल्याचेही हदीसमध्ये आले आहे. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकतो. मला यातून एवढेच समजते की मर्यादेचा प्रश्न कुठे आणि कोणासमोर हा आहे. बंद दालन, फक्त बायका, शिकवणारीही बाई, मोबाईल बाहेर, चित्रीकरण नाही. एवढे पाळल्यावर साठ वर्षांच्या बाईने चार पावले तालावर टाकली, तर कोणाची हया धोक्यात येते?

ज्यांना गाणे नको असेल त्यांच्यासाठीही मार्ग आहे, आणि तो आम्हा शिक्षकांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. लेझीम! महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत लेझीम खेळली जाते. तिला कोणी नाच म्हणून नाक मुरडत नाही, कारण ती कवायत समजली जाते. शब्दही मूळचा फारसी. व्यायामासाठी वापरल्या जाणाऱ्या, दोरीऐवजी साखळी लावलेल्या धनुष्याचे ते नाव. एक-दोन-तीन-चार मोजत पुढे, मागे, बाजूला पावले टाकायची, हलकेच वाकायचे, हात फिरवायचे. उड्या आणि उकिडवे बसणे वगळले, लेझीम हलकी घेतली, की ज्येष्ठांसाठी छान वर्ग तयार होतो. आज साठीत असलेल्या कितीतरी बायका शाळेत ती खेळलेल्या आहेत. दफ चालत असेल तर दफ, तेही नको असेल तर नुसत्या टाळ्या. नाव ‘वर्जिश’ ठेवा, ‘कवायत’ ठेवा. शरीर नाव विचारत नाही.

जागेचाही बाऊ नको. उर्दू शाळांचे वर्ग रविवारी रिकामे असतात, शादीखाने लग्नसराई सोडून बंद असतात. आठवड्यातून तीनदा पाऊण तास पुरे. सुरुवातीला शरीर सैल करणे, मध्ये पावले, शेवटी बसून श्वास. प्रत्येकीच्या हाताशी आधाराला पक्की खुर्ची, कोरडी फरशी, ओढणी बांधलेली, सलवार घोट्याच्या वर. हृदयविकार, चक्कर, अलीकडचे ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. बोलता येईल इतकाच दम लागू द्यावा. छातीत दुखले तर तिथेच थांबावे. आणि दर पंधरवड्याला नवे काहीतरी शिकवावे, कारण नवे लक्षात ठेवण्यातच निम्मा फायदा आहे.

उरलेला फायदा चहाच्या वेळी होतो. मुले आखातात, पुण्यात, मुंबईत. घरात सून कामावर, नातवंडे मोबाईलवर. दिवसभर कोणाशी चार वाक्ये न बोललेल्या बाईला ‘आज क्यूँ नहीं आयी?’ असे विचारणाऱ्या दहा जणी मिळतात. असे औषध दुकानात मिळत नाही.

पुरुषांनाही हे लागू आहे. मस्जिदीत चालत जाण्यामुळे ते निदान घराबाहेर पडतात, पण अस्र ते मगरिब बाकावर बसून राजकारण बोलल्याने तोल सुधारत नाही. त्यांचाही वेगळा वर्ग व्हावा.

हे सुरू करायला मोठी संस्था लागत नाही. दालनाची किल्ली असलेला एक मुख्याध्यापक, तालीम दिलेली एक शिक्षिका आणि मोहल्ल्यातल्या पाच-सहा हिंमतवान नान्या-दाद्या पुरेत. घरच्यांनी फक्त एक करावे: अम्मी निघाली की हसू नये, आणि तिची चप्पल दाराशी सरळ करून ठेवावी.