चष्म्यातली जमीन खचत नाही

पावसानंतरच्या काळ्या मातीत पोकलेन उतरवताना जुना ऑपरेटर आधी ट्रॅकखालची जमीन न्याहाळतो. भरल्या बकेटनिशी बूम लांबवला की यंत्राची मागची बाजू हलकी होऊ लागते, ते त्याला बसल्या जागी कळते. इंजिनाचा आवाज दबला की लिव्हरवरचा हात आपसूक सैल पडतो. आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा चष्मा लावून शिकलेल्या पोराला हे कोण शिकवणार?

अवजड यंत्रांच्या प्रशिक्षणात हे चष्मे शिरले आहेत. त्यांना सरसकट विरोध करणे खुळेपणाचे ठरेल. क्रेन कलंडू लागल्यावर काय करायचे, हे खरी क्रेन कलंडवून शिकवता येत नाही. जपानमध्ये 1991 साली उंझेन ज्वालामुखीने 43 बळी घेतले. त्यानंतर तिथल्या धोक्याच्या पट्ट्यात केबिनमध्ये माणूस न बसवता, दुरून यंत्रे चालवून कामे झाली. मात्र पडद्यावर बघून केलेले काम रेंगाळते, कारण खोलीचा अंदाज चुकतो आणि यंत्राचा हादरा अंगापर्यंत पोहोचत नाही. तिथे निदान बकेटखाली खरी जमीन तरी होती.

धास्ती आहे ती अर्धवट यंत्रणेची. डोके वळल्यापासून दृश्य वळेपर्यंतचा वेळ साधारण 20 मिलिसेकंदांच्या पुढे गेला, की अनेकांना मळमळू लागते. मग शिकाऊ चालक मान वळवणेच टाळतो. साइटवर तर मागे हेल्पर उभा असतो, आणि चालकाच्या वळणाऱ्या मानेवर त्याचा जीव अवलंबून असतो. अशी यंत्रणा चालकाच्या अंगी घातक खोड मुरवते. त्यातून खुर्ची हलत नसेल, टांगलेला भार झोके घेत नसेल आणि जमीन कधीच खचत नसेल, तर तो व्हिडिओ गेम झाला. त्यावर प्रमाणपत्र कसले देता?

31 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर लाँचर कोसळून 20 जण दगावले. त्या दुर्घटनेचा व्हीआरशी संबंध नाही. पण अशा कामांवर उद्या लिव्हर कोणाच्या हाती देणार, हे आजच ठरवायला हवे.

कौशल्य विकास खात्याने चष्म्यातले तास यंत्रावरच्या तासांत मुळीच धरू नयेत. आणि अशी यंत्रणा खरेदी करण्यापूर्वी केबिनमध्ये हयात घालवलेल्या ऑपरेटरांना तिच्यात बसवावे. ते ‘नाही’ म्हणाले, तर पुरवठादाराचे बिल अडवावे.