लायसन्स कुठलं, आणि कशाचं?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपंगत्व तपासणीवरून एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे, आणि मला तो चुकीच्या टोकाकडून धरल्यासारखा वाटतो. तपासणाऱ्याकडे कुठल्या राज्याचं लायसन्स हवं यावर कायदे झाले, मुदती दिल्या, मुदती संपल्या. लायसन्स कशाचं हवं, यावर मात्र कोणी तावातावाने भांडताना दिसत नाही.

थोडं बॅकग्राउंड. (माहीत असलेल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) सैन्यातल्या नोकरीमुळे दुखापत किंवा आजार झाला असेल तर वेटरन्स अफेअर्स खातं, म्हणजे व्हीए, दरमहा भरपाई देतं. त्यासाठी तपासणी होते. तपासणारा औषध देत नाही, पुन्हा कधी भेटतही नाही. तो फॉर्म भरतो आणि मत देतो की हे दुखणं नोकरीमुळे असण्याची शक्यता निदान पन्नास टक्के तरी आहे की नाही. शेवटचा निर्णय खात्यातला माणूस घेतो, पण त्याच्यासमोर असतो तो हा फॉर्म. पूर्वी हे काम व्हीएचे स्वतःचे डॉक्टर करायचे. 1996 च्या कायद्याने दहा विभागीय कार्यालयांपुरती खाजगी कंत्राटदारांना परवानगी मिळाली, आणि आज बहुतांश तपासण्या कंत्राटदारच करतात.

इथे गंमत सुरू होते. व्हीएच्या नोकरीतल्या डॉक्टरला कुठल्याही एका राज्याचं लायसन्स पुरतं, कारण तो केंद्र सरकारचा माणूस. कंत्राटदाराचा डॉक्टर मात्र खाजगी, म्हणून त्याला राज्याची वेस आडवी येते. त्यातून आधी डॉक्टरांना सूट दिली, मग जानेवारी 2021 च्या कायद्याने नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट, ऑडिऑलॉजिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट यांनाही दिली. तीही तीन वर्षांच्या बोलीवर! ऑगस्ट 2022 मध्ये पॅक्ट कायदा आला, विषारी धुराने आजारी पडलेल्यांचे नवे दावे येऊन पडले, आणि ऐन त्या गर्दीत ही तीन वर्षं जानेवारी 2024 कडे सरकत होती. मोंटानात राहणाऱ्या माणसाला तपासणीसाठी तासन् तास गाडी हाकावी लागते, आणि शेजारच्या राज्यातून येऊ शकणारी ऑडिऑलॉजिस्ट 'परराज्यातली'. कान काय राज्य बदललं की बदलतो का राव?

त्यामुळे ही सूट कायमची करा, तुकड्यातुकड्याने नको, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्यांची लायसन्स बोर्डं रुग्णांच्या सुरक्षिततेचं कारण सांगतात. पण जिथे औषधोपचारच होत नाहीत तिथे ते कारण फारच पातळ होतं.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रात काढलेलं लायसन्स घेऊन तुम्ही गोव्यात गाडी चालवू शकता, कोणी अडवत नाही. पण मोटारसायकलचं लायसन्स दाखवून ट्रक चालवायला घेतलात तर? सूट मागणाऱ्या कंपन्या पहिल्या मुद्द्यावर बोलतात आणि दुसऱ्यावर गप्प बसतात. आमच्या धंद्यात याला साधा नियम आहे: लॉगिन झालं म्हणजे डेटाबेस उडवायची परवानगी मिळाली असं नाही.

आणि ही काल्पनिक भीती नाही. मेंदूला मार लागल्याचं पहिलं निदान न्यूरॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, सायकियाट्रिस्ट किंवा फिजियाट्रिस्ट या चौघांपैकीच कोणी करावं, असा व्हीएचा स्वतःचा नियम होता. 2007 ते 2015 या काळात हजारो तपासण्या भलत्याच लोकांनी केल्या. प्रकरण मिनियापोलिसहून बाहेर आलं आणि 2016 मध्ये व्हीएला 24,000 हून अधिक माजी सैनिकांना नव्याने तपासणीची संधी द्यावी लागली. लक्षात घ्या, तपासणाऱ्यांकडे लायसन्स नव्हतं अशी ती तक्रारच नव्हती. लायसन्स होतं, त्या कामाचं नव्हतं. राज्याच्या सीमेचा तर यात संबंधही नव्हता.

तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळीकडे स्पेशालिस्टच हवेत? अजिबात नाही. गुडघा किती अंशात वाकतो हे कोनमापक लावून फिजिशियन असिस्टंट उत्तम मोजू शकते, त्यासाठी सर्जन बसवणं म्हणजे उधळपट्टी. पण पंधरा वर्षांपूर्वी स्फोटाजवळ असलेल्या माणसाची आजची विसराळू अवस्था त्या स्फोटामुळे की वयामुळे, हे कोनमापकाने कळत नाही. माझ्या टीममधला एक टेस्टर इराकला जाऊन आलेला. त्याची तपासणी वीस मिनिटांत आटोपली. तपासणारी व्यक्ती डॉक्टर होती की नर्स प्रॅक्टिशनर, हे त्याला आजही ठाऊक नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं म्हणाला. हा माणूस आमच्या कोडमधली एक स्वल्पविरामाची चूक सोडत नाही!

बरं, यावर लक्ष कोण ठेवतं? सरकारची ऑडिट संस्था जीएओने 2018 मध्येच लिहिलं की तपासणाऱ्यांचं प्रशिक्षण झालं की नाही हे पाहायचं काम व्हीएने कंत्राटदारांवरच सोडलंय आणि त्यांनी कळवलेलं खरं आहे का हे कोणी तपासत नाही. कोड मीच लिहिला, टेस्ट मीच केला, पास झाला असा मेलही मीच टाकला. आमच्याकडे असं केलं तर रिलीज मॅनेजर दारात उभा करणार नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. अपॉइंटमेंटच्या पत्रावर पत्ता, वेळ, पार्किंगची सोय हे असतंच. त्याच पत्रावर दोन ओळी वाढवा: तपासणाऱ्याचं शिक्षण आणि विशेष क्षेत्र काय, आणि या दुखण्यासाठी व्हीएच्या नियमानुसार कोण लागतं. दोन्ही ओळी जुळत नसतील तर ते पत्र छापलंच जाऊ नये. एक इफ-कंडिशन आहे हो, शुक्रवारी दुपारी बसून होईल.